पुढची सलग सीट

७ एप्रिल १९८०, सोमवार

म्हातारी गेली!

म्हणजे आमची पिवळी स्टेशन वॅगन. कोपऱ्यावरच्या गॅरेजात लाइलने तिला वर उचललं आणि खालून चासीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, हातोडी मारून पाहिली. नुसती खण् वाजायला हवी होती, ती सरळ आत गेली. लाइलचंच तोंड उतरलं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने पार खाल्लंय तिला. "बाजारहाट करा, चर्चला जा. पण मागे काही जोडू नका," म्हणाला.

अर्विनने, माझ्या नवऱ्याने, त्या भोकात बोट घालून पाहिलं. अशाच चासी जोडण्यात त्याचा उभा जन्म गेला, कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं नाही. घरी येताना त्याने गाडी इतकी हळू चालवली, जसं कुणी आजारी माणसाला दवाखान्यातून घरी आणतंय.

मागे काही जोडू नका. म्हणजे ट्रेलर नाही, आमचं ते चाकांवरचं छोटं घर. ट्रेलर नाही म्हणजे तळं नाही. आणि तळं नाही म्हणजे करिन नाही. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. इथे लिहिते.

९ एप्रिल

काल करिनचा वॉशिंग्टनहून फोन होता. मी गाडीचं सांगितलं नाही. तिने पुन्हा तेच विचारलं — "जुलैत तळ्यावर जाताय ना नक्की?" जाणार तर, म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

माझ्या लेकीची अट साधी आहे. घरी येणार नाही. त्या जेवणाच्या टेबलाशी बसणार नाही. तळ्यावर ट्रेलर लागला तर आठवडाभर येईन. "तिथे पपा वेगळे असतात, आई." खरंच आहे ते. तिथे तो शिट्टी वाजवतो. इथे फक्त हातोडी.

त्या टेबलाशी काय झालं ते या वहीत कधी लिहिलंच नाही मी. मागच्याच्या मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापून झाली होती. करिनने नव्या नोकरीचं सांगितलं. सरकारी ऑफिस, गाड्यांच्या पेट्रोलचे नियम. एकेका गाडीचा अ‍ॅव्हरेज नाही, कंपनीच्या सगळ्या गाड्या मिळून सरासरी — ती दरवर्षी चढत गेली पाहिजे. अर्विनने विचारलं, मग आमच्या वॅगनचं काय? ती म्हणाली, मोठ्या वॅगन आपोआप आटतील, पपा. आणि मग पुढचं वाक्य, जे तिने गिळलं असतं तर बरं झालं असतं — "एवढं लोखंड लागतं कुणाला?"

"तुझं कॉलेज त्या लोखंडावर झालंय," अर्विन म्हणाला. बस. ती रात्रीच्या बसने गेली. तेव्हापासून फोन वाजला आणि पलीकडे ती असली की तो रिसीव्हर माझ्या हातात देतो, गरम भांडं द्यावं तसा.

१९ एप्रिल

कपडे वाळत घालताना खिडकीतून ट्रेलर दिसतो. गवत चाकांपर्यंत आलंय. आत शिरले, जरा वेळ बसले. रॉकेलचा वास, पाइनच्या सुयांचा वास, तळलेल्या माशांचा वास — इतके महिने बंद राहूनही! करिनची झोपायची वरची फळी. तिचे पाय बाहेर येऊ लागले तेव्हा अर्विनने पायथ्याची पट्टी कापली आणि वीतभर लाकूड जोडलं. ओबडधोबड आहे. त्यावरून हात फिरवला.

पण मला तळ्यापेक्षाही वाट आठवते. म्हाताऱ्या गाडीची पुढची सीट — एक सलग, सोफ्यासारखी. अर्विन चाकाशी, मी खिडकीशी, मध्ये करिन, मांडीवर नकाशा, आणि मागे ट्रेलर हळूच ओढल्याचा तो धक्का. कारखाने संपले, शेतं संपली, पाइन सुरू झाले की तिघंही एकदम श्वास सोडायचो. कुणी ठरवलेलं नव्हतं.

तसं तिघांनी खांद्याला खांदा लावून बसणं मला हवंय. एवढंच हवंय. फार मागतेय का?

३ मे, शनिवार

शोरूमला गेलो. अर्विनने चर्चचा कोट घातला होता!

नवी वॅगन गोड आहे. म्हणजे अगदी तेच — गोड. जुनी गाडी गरम पाण्यात धुतली आणि ती आटली, असं काहीसं. विकणारा मुलगा टाय लावून अ‍ॅव्हरेजबद्दल बोलत सुटला. अर्विनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओढते किती?"

"ओढते म्हणजे?"

अर्विनने पुस्तिका मागितली. खिशातून चष्मा काढून ते पान शोधलं. आमचा ट्रेलर पुस्तकातल्या आकड्याच्या तिप्पट भरेल. मुलगा बिचारा म्हणाला, हल्ली सगळ्याच कंपन्यांच्या लहान झाल्यात साहेब, नियमच तसे आहेत, ओढायचंच असेल तर पलीकडे पिकअप ट्रक आहेत, त्यांना नियम ढिले. अर्विनला झोंबलं. "मी खडी वाहत नाही," म्हणाला. "मला माझ्या बायकोला आणि मुलीला घेऊन तळ्यावर जायचंय."

आणि मुलीला!

त्याला कळलंही नाही तो काय बोलला. मी मान वळवून एका डिकीकडे बघत राहिले.

मग मी त्या गोड गाडीत बसून पाहिलं. पुढे दोन वेगळ्या खुर्च्या. मध्ये गिअर आणि पेला ठेवायचा खळगा. अर्विन शेजारी बसला तर आमच्यामध्ये अख्खा पेला! माणूस बसायला जागा नाही. तिसरं माणूस मागे, एकटं.

१० मे

घेतली. म्हातारीचा दरवाजा आता चालता चालता उघडतो, इलाज नव्हता. निळी आहे. पार्क करताना अर्विन अजून जुन्या अंदाजाने थांबतो, पुढे दोन माणसं झोपतील एवढी जागा सोडून.

१७ मे

बर्निससोबत रानात अळंबी शोधायला गेले. बर्निस म्हणजे शेजारीण, ऑरव्हिलची बायको, तोंडाने फटकळ. टोपली अर्धी भरली. लोण्यात परतली, अर्विनने दोनदा घेतली.

बर्निस म्हणाली, "ट्रेलर विकून टाक आणि तळ्यावर मोटेलात खोली घे. मुलीला कॉट मिळाली म्हणजे झालं." हिला काय सांगू? मोटेलात चार भिंती असतात आणि मध्ये टेबल. पुन्हा तेच. ट्रेलरमध्ये इतकी कमी जागा असते की भांडायला तोंड फिरवता येत नाही, हसूच येतं.

२५ मे

अर्विन काहीतरी करतोय. सकाळपासून ट्रेलरमध्ये खडखडाट.

२६ मे, सोमवार

तो ट्रेलर हलका करतोय!

स्टोव्ह काढला. बर्फाची पेटी काढली. सिंक काढलं, पाण्याची टाकी काढली, खालच्या फळ्यांखालचे लोखंडी कोन काढून लाकडी बसवले. सगळं हिरवळीवर मांडून ठेवलंय, घरातलं सामान जप्त झाल्यासारखं. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. मी विचारलं, स्वयंपाक? बाहेर चुलीवर. पाणी? पंपावरून. म्हणाला, "आपण लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा होतं काय आपल्याकडे?" खरंच काही नव्हतं. एक तंबू होता आणि तोही गळका.

मग मी आत बघितलं तर वरची फळी नाही. करिनची. भिंतीला उभी टेकवून ठेवलेली.

"मग ती झोपणार कुठे?"

"तंबूत." माझ्याकडे न बघता.

मासे धरायला म्हणून कुणी एवढा खटाटोप करत नाही. वरवर हा माणूस त्याच्याच ट्रेलरचे दात काढतोय, पण मी भांडी घासता घासता गात होते.

७ जून

बीट तोलतात त्या वजनकाट्यावर ट्रेलर नेला, ऑरव्हिलच्या ट्रॅक्टरला जोडून. अजून जड आहे. पुस्तकापेक्षा बराच जड. काटेवाला अर्विनला म्हणाला, "नव्या गाडीने? उताराला तोच तुम्हाला ढकलेल." अर्विनने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. उतार नाहीतच आपल्याकडे, म्हणाला.

८ जून

करिनचा फोन. सगळं सांगितलं. लपवून तरी किती दिवस ठेवणार?

ती घाबरली. "आई, नको. ती गाडी ओढायला बनवलेलीच नाही. पपांना सांग."

"तूच सांग."

शेजारच्या खोलीत अर्विनने बेसबॉलच्या मॅचचा आवाज वाढवला. अर्थ स्पष्ट होता. पण दार लोटलं नाही त्याने.

करिनने तो आवाज ऐकला असणार. मग म्हणाली, मी फक्त गणितं करते गं, कुणाचं तळं हिरावून घ्यायचं म्हणून नाही गेले मी तिथे. धुराने भरलेली शहरं बघ, पेट्रोलच्या रांगा बघ. मी म्हटलं, माहीत आहे बाळा. माहीत आहेच. दोघंही बरोबर आहेत हाच तर ताप आहे! एक जण चुकत असता तर मी केव्हाच दोघांना एकत्र बसवलं असतं.

ठेवताना तिने विचारलं, "पपा अजून साखळ्या तिरक्या लावतात ना?"

ते तिचं काम होतं. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसवायची अर्विनने, आणि दोन साखळ्या करिनने. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, दांडीच्या खालून. सरळ लावल्या तर दांडी निसटली की थेट रस्त्यात रुतते. तिरक्या लावल्या की खाली पाळणा होतो, दांडी त्यात पडते. गुडघे मातीचे करून ती ओरडायची, "पाळणा तयार!" आणि मगच अर्विन इंजिन चालू करायचा.

लावतात, म्हटलं.

१४ जून

ऑरव्हिलने त्याच्या शेडमधून निळ्या गाडीला बसेल असा गोळ्याचा हुक दिला, त्याची जुनी होडी ओढायचा. अर्विनने दिवसभर गाडीखाली पडून बसवला. पाठ धरलीय. चोळून दिली. "पुढच्या शनिवारी थोडं लांब नेऊन बघू," म्हणाला. पाठ दुखत असताना शिट्टी वाजवत होता!

२१ जून, शनिवार

झोपायची वेळ टळून गेलीय. तरी लिहितेच.

सकाळी ट्रेलर जोडला. अर्विनने दांडी गोळ्यावर उतरवली, वरची कडी दाबली, खट् वाजली. नेहमीसारखी. तो घाईत होता, ऊन व्हायच्या आत परतायचं होतं. साखळ्या त्याने मला दिल्या आणि म्हणाला, "अडकव कशाही, चर्चपर्यंत तर जायचंय." मी गुडघ्यावर बसले. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, खालून. मनातल्या मनात म्हटलंसुद्धा — पाळणा तयार.

गाव संपेपर्यंत छान गेली. निळी धापा टाकत होती पण ओढत होती. अर्विन माझ्याकडे बघून हसला. मग रेल्वेचे रूळ. गाडी चढली, उतरली, आणि मागे धाडकन आवाज. मान उलटी गेली माझी. अर्विनने ब्रेक हळूहळू दाबला, एकदम नाही — तेवढं त्याच्या हाताला माहीत होतं. ट्रेलर डावीउजवीकडे डोलत मागून आला, बंपरला टेकला आणि थांबला. समोरून दुधाचा टँकर गेला. कडेने. आमच्या कडेने.

उतरून पाहिलं तर दांडी गोळ्यावरून उडालेली आणि साखळ्यांच्या पाळण्यात पडलेली. रस्त्यापासून वीतभर वर, झुलत होती.

अर्विन खाली वाकला. ऑरव्हिलच्या हुकाच्या गोळ्यावर त्याने तळवा ठेवला, मग ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला असलेल्या वाटीत बोटं घातली. पुन्हा गोळा. पुन्हा वाटी. "लहान आहे," म्हणाला. होडीसाठीचा गोळा तो. आमची वाटी मोठ्या गोळ्याची. त्यावर बसते, कडीही लागते, पण पकडत नाही. म्हाताऱ्या गाडीचा गोळा कधी बदललाच नव्हता, त्यामुळे मापाची चौकशी करायची असते हेच तो विसरून गेला. ज्याने जन्मभर मापं घेतली तो!

तो रस्त्याच्या कडेला बिटाच्या शेताच्या बांधावर बसला. मी शेजारी बसले. मग म्हणाला, "साखळ्या सरळ असत्या तर?"

"नव्हत्या."

"तुला कोणी सांगितलं तिरक्या लावायला?"

"करिन लावायची तशा लावल्या."

त्याने टोपी काढली आणि तोंडावर धरली. खांदे हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा बघितलं. मी हात धरला. मधे पेला नव्हता.

२२ जून, रविवार

चर्चहून आल्यावर अर्विन थेट फोनपाशी गेला. नंबर माझ्या डायरीत असतो. त्याने डायरी उघडली नाही. सगळे आकडे त्याने सलग फिरवले, एकदाही न थांबता! म्हणजे पाठ होता. कधीपासून?

पलीकडून तिने उचलला असणार. हा म्हणाला, "साखळ्या तिरक्या होत्या."

एवढंच. मग खूप वेळ नुसतं ऐकत होता. मी बटाटे सोलायचं थांबवलं. मग म्हणाला, "नाही, आईला काही झालं नाही." मग, "चूक माझी. गोळा लहान होता." मग, "नाही. यंदा ट्रेलर येणार नाही, करिन. ओढायला काही नाही."

ठेवला. मी विचारलं काय म्हणाली. म्हणाला, बघते म्हणाली.

बघते म्हणजे काय? त्याला विचारलं तर म्हणतो, "मला काय माहीत, तुझी मुलगी आहे." आता माझी!

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक बघितली. बँडमधली मुलं घामाने निथळत होती. बर्निस आणि ऑरव्हिल उत्तरेला गेले. गल्ली ओकीबोकी. प्रत्येक घरासमोर रिकामी जागा, जिथे होडी नाहीतर ट्रेलर उभा असतो. आमच्याच अंगणात आमचा तेवढा उभा आहे.

आमची तळ्यावरची जागा १२ तारखेपासून राखून ठेवली आहे. दोन बर्च झाडांच्या मध्ये, पंपाजवळ. सोडून द्यायला फोन करायचा आहे. उद्या करेन.

६ जुलै

केला नाही.

९ जुलै

अर्विनने करिनची फळी परत बसवली. स्टोव्ह बसवला. सिंकही. एकेक स्क्रू जपून. मी म्हटलं, आता कशाला, यंदा तर हलायचं नाही ना? म्हणाला, बाहेर राहून गंजतं.

फळी बाहेर गंजत नाही. लाकडाची आहे. पण मी त्याला एकेक स्क्रू हातात देत राहिले.

करिनचा फोन नाही. रविवारीही आला नाही. इतक्या वर्षांत रविवार चुकवला नव्हता तिने. मला तळ्याची इतकी ओढ लागलीय की नळाचं पाणी प्याले तरी त्या पंपाच्या लोखंडी चवीची आठवण येते. संध्याकाळी लून पक्षी ओरडायचा आणि करिन त्याला उत्तर द्यायची, हुबेहूब, आणि अर्विन म्हणायचा, दोघांपैकी एकाला घरी नेऊ या. दरवर्षी तोच विनोद. दरवर्षी हसायचो.

११ जुलै, शुक्रवार

बटाट्याचं सॅलड केलं. भरपूर. का केलं, कळत नाही. दोघांना आठवडाभर पुरेल.

१२ जुलै

सकाळी दारात लाल पिकअप ट्रक. जुना. चाकाशी करिन! कुणाचा उसना वगैरे नाही, विकत घेतलाय, रात्री वाटेत थांबत थांबत आली. उतरली ती लाजलेलीच. "ट्रकला नियम ढिले आहेत," म्हणाली. "माझेच."

अर्विनने ट्रकभोवती एक फेरी मारली. मागच्या गोळ्याला माप लावलं. दोनदा. मग म्हणाला, "आता सगळा देश हेच करणार, ट्रक घेणार, बघ तू."

"माहीत आहे, पपा. आमच्या गणितातही तेच येतंय."

दोघं एकदम हसले. मग ती गुडघ्यावर बसली, आणि माझ्या सत्तावीस वर्षांच्या लेकीने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की पाळणा तयार आहे.

ट्रकची पुढची सीट सलग आहे. करिन चालवतेय, अर्विन खिडकीशी आहे, नकाशा माझ्या मांडीवर. मध्ये मी. आत्ताच पाइन सुरू झाले, तिघांनी एकदम श्वास सोडला. अक्षर हलतंय ते त्यामुळे.